शिल्लक मिनिटं

पाऊस खरोखरच गेला याची खात्री आमच्या पेडण्यात दसऱ्याशिवाय होत नाही. दसरा झाला की मी घरातलं दमटलेलं सगळं अंगणात काढते. गोधड्या, कपाटातल्या साड्या, यांचे बुरशी धरलेले बूट, आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. डब्यात तांदूळ असतात आणि तांदळात कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या. कॅमेरा केव्हाच मोडीत गेला, बॅटऱ्या तेवढ्या राहिल्या. पावसाळ्यात इथे भिंतींनाही घाम फुटतो, म्हणून बॅटऱ्या तांदळात पुरून ठेवायच्या, हा आमच्या यांचा शोध. दर वर्षी मी तांदूळ बदलते. का बदलते ते विचारू नये. यंदा डबा उघडला तर एक बॅटरी फुगलेली. टम्म, कडा उसवलेली. हाताला जराशी कोमट लागली, पण ते उन्हाचं असावं.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो ओरडलाच, "आई, आधी घराबाहेर टाक ती. पेट घेईल." बाहेर म्हणजे कुठे? पंचायतीची कचऱ्याची गाडी आली, तर तिच्यावरच्या बाईने लांबूनच हात हलवला. "हें आमी घेयनां, बाय. हें फुटतां." शेवटी परसात एका फुटक्या कुंडीत वाळू घालून तिच्यावर ठेवली. हे कदेलावर बसून सगळं बघत होते. आमच्याकडे खुर्चीला अजून कदेलच म्हणतात. "दिवो लाव आतां तिच्याम्होऱ्यांत," हे म्हणाले. थट्टेची खोड जुनी, ती काही जायची नाही. मला मात्र हसू आलं नाही. कापलेल्या भाताचा वास सुटला आणि उन्हं पिवळी पडायला लागली, की माझ्या डोक्यात एकच साल फिरत राहतं. ते जावं असं मला कधी वाटतं आणि कधी वाटतही नाही.

नवं शतक सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती. गोव्याचं राज्य झालं त्यालाही बराच काळ लोटला होता आणि भाषेची भांडणं मिटली नव्हती, नुसती थकली होती. मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची, घरात कोकणी बोलायची, आणि देवाशी दोन्हींची खिचडी. हे तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जात, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत. कॅमेरा हरमलहून आलेला. तिथे यांच्या मावसभावाच्या खोलीत राहिलेला एक गोरा परत जाताना तो विकून गेला होता. हाताच्या पंजात मावणारा, छोट्या कॅसेटचा. सोबत दोन बॅटऱ्या, एक जाड आणि एक पातळ. मी त्यांची नावं थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ अशी ठेवली होती. त्यांना चार्ज करायचं, पुसायचं, तांदळात ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

त्या काळात लग्नघरी व्हिडिओवाल्याला भटजींच्या खालोखाल मान असे. पण बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या आणि आमचा मान जायला लागला. बॅटरीचं म्हातारपण फार फसवं असतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कोपऱ्यात शिल्लक मिनिटं दिसत. थोरली चाळीस दाखवायची. आपण निर्धास्त व्हायचं, अंतरपाट धरला जायचा, मंगलाष्टकं रंगात यायची, आणि एकाएकी पडदा काळा. चाळीसची तीस नाहीत, वीस नाहीत, सरळ शून्य. एका लग्नात नेमका अंतरपाट दूर होताना ती गेली, आणि नवरीचा मामा मंडपात सगळ्यांदेखत यांना म्हणाला, "परत धरा मरे अंतरपाट, परत!" भटजींनी कानांवर हात ठेवले. घरी आल्यावर हे जेवले नाहीत. मी थोरलीला चार्जरवर लावलं, तर तासाभरात हिरवा दिवा. पोटात काही राहत नसलं म्हणजे पोट लवकर भरतं, हे मला तेव्हा कळलं.

त्याच पावसाळ्यात मुळगावहून दत्ताचा फोन आला. दत्ता माझा धाकटा भाऊ, खाणीवर टिपर चालवायचा. बाबांना धाप लागत होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, जपा. बाबांना ते पटलं नाही. "बैलूय थकता. म्हणून कोण नांगर सोडता?" आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. बाबा, दत्ता, त्याची बायको आणि खाणीच्या लाल धुळीने रंगलेलं ते घर. मी गेले तेव्हा बाबा पडवीत बसून विळ्याला धार लावत होते. चेहरा टवटवीत. मला वाटलं, डॉक्टरांना काय कळतंय.

पण दत्ताने मला विहिरीकडे नेलं. विहिरीला तोवर पाणी कमी झालं होतं, खाणीचा खड्डा आमच्या विहिरीपेक्षा खोल गेला होता. तो म्हणाला, "ताई, बाबा गेले जाल्यार राखणीचें गाराणें कोण घालतलो? माका येना." हे त्याने आपण सायकलीवरून पडलो असं सांगावं तसं सांगितलं, खाली बघत.

राखण म्हणजे वर्षातून एकदा शेताच्या राखणदाराला द्यायचा मान. तुळशीचं लग्न उरकल्यावर आणि वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, पेरणी व्हायच्या आधी. नारळ, जाड रोट, विडी, द्रोणात थोडा सोरो, म्हणजे दारू. ते सगळं कुणीही मांडेल. गाऱ्हाणं मात्र घरच्या कर्त्याने घालायचं, उभ्याने, नारळ हातात धरून. आमच्या घरच्या गाऱ्हाण्याची एक रीत होती. प्रत्येक बांधाचा राखणदार वेगळा, प्रत्येकाला नाव, आणि ती नावं पाणी ज्या वाटेने उतरतं त्याच वाटेने घ्यायची. वरच्या बांधापासून सुरुवात, मग एकेक मोरी, एकेक कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, करत थेट खाली नदीच्या मानशीपर्यंत, जिथे दार लावून पाणी अडवतात. नाव चुकलं तर त्या बांधावर पाणी ठरत नाही, असं बाबा म्हणायचे. मी शाळेत भूगोल शिकवायची, पण आमच्या शेताचा नकाशा बाबांच्या तोंडात होता आणि दुसरीकडे कुठेच नव्हता.

"मग शीक ना," मी दत्तावर डाफरले. "कधी? दिसभर ट्रिपो. एक ट्रिप चुकली तर दुसरो टिपर मुखार. म्हटलें, खण बंद जाली काय शिकतां." खाण बंद झाली की शिकेन, असं त्याचं चाललेलं. राखणीच्या दिवशीही तो टिपरांच्या लायनीत उभा असायचा आणि धावतपळत आला तर नारळाचे तुकडे वाटायला. त्याला बोलून काय उपयोग! ज्या खाणीने शेत लाल केलं, त्याच खाणीच्या पैशाने घरात तांदूळ येत होता. इकडे आड तिकडे विहीर, आणि विहिरीतही पाणी नाही.

आम्ही बाबांना पडवीत बसवून विचारून पाहिलं. त्यांची ना नव्हती. डोळे मिटले, "वयल्या बांदाच्या..." म्हणाले, आणि थांबले. परत सुरू केलं, परत तिथेच. मग वैतागून उठले. "जाग्यार उबो रावल्याबगर तोंडांत येना गो. हातांत नाल्ल जाय. पांयाक माती जाय." मी म्हटलं, हातात नारळ हवा, पायाला माती हवी, तर चला, आत्ताच जाऊ शेतात. तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा लहान झाले. राखणदाराला उगाच, वेळ नसताना, नाव घेऊन हाक मारतात काय? सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही.

तेव्हा ठरलं ते असं. यंदाच्या राखणीला हे कॅमेरा घेऊन येतील, बाबांचं गाऱ्हाणं पुरतं टिपायचं, आणि दत्ता ते बघून शिकेल. साधी गोष्ट. फक्त शेतात प्लग नाही, आणि आमच्या दोन्ही जावा अंथरुणाला खिळलेल्या.

नव्या बॅटरीचा शोध म्हणजे आमच्या घरात मुलीचं स्थळ शोधण्यासारखा प्रकार झाला. पहिलं स्थळ खानदानी, कंपनीची अस्सल बॅटरी. पणजीच्या दुकानात चौकशी केली, तर मुंबईहून मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही. मागवून ठेवली. दुसरं स्थळ यांच्याच कारखान्यातलं. तिथला एक जण जुन्या बॅटरीचं कवच फोडून आत नवे सेल बसवून देत असे. मी सरळ नाही म्हटलं. बॅटरी म्हणजे काय करंजी आहे, फोडून नवं सारण भरायला! तिसरं स्थळ म्हापशाच्या बाजारात मिळालं. दुकानदाराने चकचकीत वेष्टनातली डुप्लिकेट पुढे ठेवली. "हें व्हरात, बाय. हाचेर आंकडो पळयात, कंपनीच्यापेक्षां व्हड." मोठ्या आकड्यांचं मला वावडं. शाळेच्या पटावर किती मुलं असतात आणि वर्गात किती बसतात, ते मी रोज बघत होते. पण राखण तोंडावर आली, मुंबईची बॅटरी आली नाही, आणि अडला हरी... पुढचं म्हणत नाही, दुकानदार चांगला होता.

घरी आणून ती आम्ही चालवून बघितली. शेजारच्या तुळशीच्या लग्नाचं शूटिंग यांनी फुकट केलं, पहिल्या दिव्यापासून चिरमुरे वाटेपर्यंत. बॅटरी टिकली. फक्त तिच्यावर शिल्लक मिनिटं दिसत नसत. कॅमेऱ्याशी तिची ओळख नव्हती, त्यामुळे पडद्याच्या कोपऱ्यात आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. हे म्हणाले, बरंच झालं, खोटा आकडा बघण्यापेक्षा आकडाच नको. मला उगाच धास्ती वाटत राहिली. माणूस खोटं बोलतं तेव्हा निदान ते बोलत तरी असतं.

राखणीच्या आदल्या दिवशी आम्ही मुळगावला गेलो. वाटेवर दोन्ही बाजूंनी झाडं तांबडी, पान न् पान मळलेलं. घाटीला टिपरांची रांग. ते दिवस आठवतात ते आवाजासकट, गियर बदलताना टिपर जो कण्हतो त्या आवाजासकट. घरी पोचलो तर बाबा अंगण सारवून घेत होते. "जावयबापू आयले! मशीन हाडलें मरे?" त्यांना कॅमेऱ्याचं भारी अप्रूप. आपलं गाऱ्हाणं मशीनमध्ये राहणार, ही कल्पना त्यांना पसंत होती, हे मला अनपेक्षित होतं. मला वाटलेलं, देवाचं काम म्हणून अडून बसतील. उलट म्हणाले, "दत्ताक हांव सांगूंक पावलों ना. मशीन तरी सांगूं." त्यांच्या तोंडून असं काही ऐकायची सवय नव्हती. मी आत जाऊन पोदेराने दिलेले पाव उगाच पुन्हा मोजून ठेवले.

दुसऱ्या दिवशी शेतात निघायच्या जरा आधी बाबांनी नवी बॅटरी मागून घेतली. घरात नवी वस्तू आली की ती आधी देवासमोर जाते. विळा असो, घागर असो, दत्ताच्या टिपरची किल्ली असो. मी देवघराच्या दारातून बघत होते. बाबांनी सहाणेवर गंध उगाळलं, दाट. बॅटरी उलटसुलट करून पाहिली. सगळी काळी. एका टोकाला तेवढ्या पितळी पट्ट्या चकाकत होत्या. कपाळ ओळखावं तसं त्यांनी ते ओळखलं आणि तिथे गंध लावलं, वर कुंकू, वर अक्षता. मग डोळे मिटून बराच वेळ उभे. मला ते दृश्य इतकं गोड वाटलं की डोळे भरून आले. आजही येतात, पण कारण वेगळं.

उन्हं कलताना आम्ही शेतात उतरलो. भात कापून झालेलं, पायांना खुंट टोचत होते. खालच्या कुणग्यांच्या कडेला पावसात वाहून आलेला खाणीचा गाळ वाळून भेगाळला होता. बाबा धुतलेलं धोतर नेसून, खांद्यावर तुवालो टाकून, सगळ्यांच्या पुढे. कालपर्यंत अंगणात दम खाणारा माणूस, पण बांधावर पाय पडला आणि चाल बदलली. भावकीतले चारसहा पुरुष आले होते. त्या दिवशी दत्ताने ट्रिप सोडली होती. मी जरा लांब उभी राहिले. यांनी कॅमेऱ्यात बॅटरी बसवली. कुंकू आणि अक्षता घरीच झाडून टाकल्या होत्या. लाल दिवा लागला. यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

बाबांनी नारळ दोन्ही हातांत धरला. "बा म्हाराजा, सीमेच्या राखणदारा, सालाबादप्रमाणे आज तुजीं लेकरां तुज्या पांयांकडे उबीं रावल्यांत..." आणि पुरुष एका आवाजात, "व्हय म्हाराजा." तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले, पण कॅमेरा समोर होता म्हणून असेल, त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्येक शब्द ऐकला. वरच्या बांधाचं नाव आलं. मग जांभळीखालच्या मोरीचं. मग म्हशी डुंबायच्या त्या तळीकडचं. तळीच्या आधी बाबा खोकले, हात वर करून थांबले, परत सुरू झाले. नावं खाली उतरत होती. पडवीत एक शब्द न आठवणारा माणूस आता कुठेही अडत नव्हता.

तळीच्या पुढचं नाव सुरू झालं आणि मला यांची पाठ दिसली. पाठीवरून कळतं. यांनी कॅमेरा डोळ्यापासून काढला, हलवला, बॅटरी दाबली, काढली, घातली. काळा. खिशातून थोरली काढून लावली. पडदा उजळला, चाळीस मिनिटं शिल्लक, आणि यांनी कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत पुन्हा काळा. धाकटीचं विचारूच नका. बाबा बोलत होते. एकामागून एक नावं येत होती, पुरुष "व्हय म्हाराजा" म्हणत होते, वाऱ्याने अर्धं आमच्यापर्यंत येत होतं, अर्धं नाही. थांबवणार कसं? गाऱ्हाणं मधे थांबवत नाहीत. दत्ताने एकदा मागे वळून कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे. त्याचे ओठ हलत होते. तो पाठ करायला बघत होता, सगळं, त्या एका वेळेत. नारळ फुटला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते मी परत कुणाच्या चेहऱ्यावर पाहू नये.

घरी येऊन हे बॅटरी उजेडाला धरून बसले. पितळी पट्ट्यांच्या फटींत गंध वाळून कडक झालं होतं. ओलं होतं तोवर कॅमेऱ्याशी कशीबशी भेट झाली, वाळलं आणि भेट तुटली. द्रोणातला सोरो थोडा उरला होता, त्यात कापूस बुडवून यांनी पट्ट्या पुसल्या. बॅटरी लावली, तर कॅमेरा लगेच सुरू. हे उठले नाहीत. कॅमेरा मेजावर तसाच ठेवून दिला. तो समोरची भिंत टिपत राहिला, पुरा तासभर आणि वर. बॅटरी काठोकाठ भरलेली होती. दुकानदार खरा निघाला, आणि त्या संध्याकाळी तो खोटा निघता तर बरं, असं मला वाटलं. शिव्या घालायला कुणीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी टीव्हीवर बघायला मागितलं. बघताना ते लहान मुलासारखे पुढे सरकून बसले होते, आपल्या खोकल्यालाही हसले. तळी आली आणि पडदा निळा झाला. "मागीर?" बाबांनी विचारलं. हे सासऱ्यांना मामा म्हणत. म्हणाले, "मामा, करंट गेलो." शेतात कसला आलाय करंट! दत्ताने तेवढ्यात विचारून घेतलं, उद्या परत शेतात जाऊन घालाल काय, फक्त पुढची नावं. बाबा म्हणाले, "एकदां घातलें तें घातलें. परत सांगूंक देव काय भयरो आसा?" आवाजात राग नव्हता. समजावत होते. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी ती बॅटरी यांच्याकडून मागून घेतली, खांद्यावरच्या तुवाल्याच्या टोकाने पितळी पट्ट्या पुसल्या, हळूहळू, एकेक, आणि परत दिली. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. आम्ही तर त्यांना कधीच सांगितलं नाही.

पुढच्या राखणीला ते नव्हते. शिगम्याच्या आधीच गेले, पडवीत बसल्या जागी, हातात चहाचा पेला. आदल्या दिवशी मी दत्ताशी फोनवर बोलले तेव्हा तो म्हणाला होता, बाबा एकदम बरे, दुपारी शेताकडे फिरून आले. मी तेव्हाही निर्धास्त झाले होते. मुंबईची अस्सल बॅटरी त्यांचं बारावं उरकल्यावर आली. परसातल्या कुंडीत आज फुगून पडली आहे ती हीच. अस्सलही फुगते, फक्त थोडी उशिरा. हे म्हणतात, बॅटरीच्या आत काय चाललंय ते बाहेरून कधी कळत नाही. खरं आहे. वेष्टनावर सगळं छापलेलं असतं, तेवढं सोडून.

नवी बॅटरी निवडताना माप बघतात, खाचा बघतात, आकडा बघतात. माणसाच्या जागी माणूस उभा करायचा तर काय बघायचं असतं, ते मला अजून उमगलेलं नाही. दत्ताने ती कॅसेट एवढी चालवली की टेप घासला. मग यांनी त्याची सीडी करून दिली, पुढे मुलाने ती फोनात घालून दिली. दत्ताने गाऱ्हाणं पाठ केलं, बाबांच्या खोकल्यासकट. तळीच्या आधी तोही हात वर करून थांबतो. पहिल्या वर्षी मला ते बघून रडू फुटलं, नंतर राग यायला लागला, आता काहीच होत नाही. तळीपर्यंत घालायचं आणि लगेच नारळ फोडायचा, असं तो इतकी वर्षं उरकत आला. तळीच्या खालचे कुणगे एव्हाना गाळाखाली गेलेच होते. मग खाणी बंद पडल्या, टिपर अंगणात गंजला, दत्ताला शिकायला वेळच वेळ झाला. शिकवायला कुणी नव्हतं. भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर कुणाला एक नाव आठवे, कुणाला दोन, आणि कुठलं आधी कुठलं नंतर यावर त्यांची भांडणं. पाण्याची वाटच बुजली, तर कोण बरोबर ते ठरवणार कसं?

बॅटरी कुंडीत ठेवली त्यानंतर महिन्याभराने, यंदाच्या राखणीला, मी गेले. हे गुडघ्यांमुळे आले नाहीत, आणि टिपायला कुणी काही आणलंही नव्हतं. सगळ्यांच्या खिशात फोन होते, कुणी बाहेर काढला नाही. दत्ताचे केस पांढरे झालेत आणि नारळ धरताना त्याचे हात बाबांसारखेच दिसतात. त्याने वरच्या बांधाचं नाव घेतलं, जांभळीचं घेतलं. खोकला. तळीचं घेतलं. आता नारळ फुटणार म्हणून पुरुष मागे सरकले. पण त्याने नारळ फोडला नाही. तो तसाच उभा, खालच्या लाल सपाटीकडे बघत, आणि बराच वेळ त्याचे ओठ नुसते हलले.

मग म्हणाला, "म्हाराजा, फुडलीं नांवां बापायवांगडा गेलीं. माका तीं येनात. सकयल जे कोण आसात, तुमकां तुमचीं नांवां खबर आसात. हाक मारूंक ना म्हण रागार जावं नाकात. आपापलो मान घेयात."

नावं बाबांबरोबर गेली, खालच्यांनी हाकेविनाच आपापला मान घ्यावा. हे गाऱ्हाण्यात नसतं, त्याला उत्तर द्यायचं असतं की नसतं, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. दत्ता नारळ धरून उभा, मान खाली, वाट बघत. राखणीत बायका बोलत नाहीत, आजवर कधी बोललेल्या नाहीत. मी बांधावरून म्हटलं, "व्हय म्हाराजा."